शेवटच्या रांगेपर्यंत

ताज्या छापलेल्या फ्लेक्सचा वास कुणाला आवडावा असा नाही. थोडा उग्र, थोडा रॉकेलच्या जवळ जाणारा, नाकाच्या शेंड्याशी चुणचुणणारा. पण तो आला की माझ्या आत काहीतरी सावरून बसतं. पाठ ताठ होते, तळहात किंचित ओले होतात, आणि कुठल्याशा मोठ्या सभागृहाच्या दाराशी, ओढणी नीट करत, हातात गुंडाळी धरून मी उभी आहे असं वाटू लागतं. बाजारातून जाताना एखाद्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानातून हा वास रस्त्यावर येतो आणि माझी पावलं आपोआप मंदावतात. सोबत कुणी असलं तर विचारतं, काय झालं? काय सांगणार. काही वास सांगता येत नाहीत, त्यांच्या मागोमाग थोडं चालत जावं लागतं. चला तुम्हीही.

मी शिकले ते कॉलेज तालुक्याच्या गावात होतं. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, जुने इन्क्युबेटर, सदा फुसफुसणारा ऑटोक्लेव्ह आणि खिडकीबाहेर अडुळशाचं कुंपण. त्या कुंपणाचीच पानं आम्ही प्रकल्पासाठी तोडली होती. सावलीत वाळवली, कुटली, अल्कोहोलमध्ये भिजत घातली, गाळून अर्क काढला. अगारच्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकसचा सारखा थर द्यायचा, त्यात नेमक्या अंतरावर छोट्या विहिरी पाडायच्या, एका विहिरीत अर्क, एकीत तुलनेसाठी नुसतं अल्कोहोल सोडायचं, आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवून घरी जायचं. झोप कसली येते! सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की आधी तो कोमट, किंचित आंबूस श्वास तोंडावर यायचा, मग प्लेट उजेडात धरायची. अर्काच्या विहिरीभोवती स्वच्छ गोल दिसला की समजायचं, इथे जिवाणूंना वाढता आलं नाही. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा, वहीत लिहायचा, पुन्हा मोजायचा. ‘झोन आला का गं?’ असंच आम्ही सकाळी एकमेकींना विचारायचो. बाकीची विचारपूस नंतर.

मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या, “आविष्कारला नाव देऊया.” कुलपतींच्या पुढाकाराने २००६मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी सुरू झालेला तो संशोधनाचा महोत्सव. भाषेपासून शेतीपर्यंत आणि औषधशास्त्रापासून वाणिज्यापर्यंत सगळ्या शाखांची मुलं आपापलं काम पोस्टरवर मांडून त्यात उभी राहतात, पुढे पुढे जातात, आणि निवडलेली राज्यपातळीवर भेटतात. आम्हाला त्यातलं एवढंच कळलं होतं की आपल्या कुंपणाच्या अडुळशाचं मोठं पोस्टर करायचं आहे, आणि त्याच्यापाशी उभं राहून परक्या माणसांशी बोलायचं आहे.

गावात पोस्टर छापणारं दुकान एकच, फ्लेक्सचं. आम्ही गेलो तेव्हा मशीनवर कुणा दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून होत होत्या, म्हणून पायरीवर बसून राहिलो. आमची पाळी आली तेव्हा दुकानं मिटायला लागली होती. छपाईचं ते डोकं डावीकडून उजवीकडे जायचं, पुन्हा डावीकडे यायचं, आणि दर खेपेला पांढऱ्या फ्लेक्सवर बोटभर रुंदीचा पट्टा उमटायचा. आधी शीर्षक आलं. मग आमची नावं आली, आणि त्याखाली कॉलेजचं नाव, गावासकट. मग प्लेटचा फोटो. आधी नुसती वरची कड, एक काळसर कमान. मग धुरकट थर. मग त्या थरात कुठेतरी उजळ होत जाणारी वक्र रेघ, ती रुंदावत रुंदावत गेली आणि मधोमध विहिरीचा काळा ठिपका घेऊन पुन्हा मिटत आली. आमच्या हातातली चार बोटं रुंदीची प्लेट डोळ्यांदेखत जेवणाच्या ताटाएवढी झाली. आम्ही काही बोललो नाही. मशीन चालवणारा मुलगा म्हणाला, “ताई, लगेच गुंडाळू नका, शाई ओली आहे.” मग दुकानाच्या फरशीवर पोस्टर पसरून, पंखा लावून, त्याच्या चारी बाजूंना आम्ही बसून राहिलो. तो वास तेव्हा माझ्यात शिरला. केसांत, ओढणीत, आणि कुठेतरी आणखी आत. आयुष्यात पहिल्यांदा आपण केलेलं काही इतकं मोठं, इतकं उघडं, पुसता न येणारं असं समोर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत ती गुंडाळी उभी धरून बसले होते. कंडक्टरने विचारलं, “बॅनर कुणाचा?” मी म्हटलं, “अडुळशाचा.” तो हसला आणि ती ठेवायला त्याने आपल्या सीटमागची जागा दिली.

सभागृहाचा आवाज मात्र वासाच्याही आधी येऊन भिडला. बाहेरच्या व्हरांड्यातच तो कानावर पडायला लागतो. शेकडो माणसं हलक्या आवाजात एकाच वेळी आपापलं काही सांगत असतात, कुणाचाच शब्द सुटा कळत नाही, आणि तरी सगळा मिळून एक उबदार घोष तयार होतो, मुहूर्ताआधीच्या लग्नघरातल्या माजघरासारखा. आत रांगेने लावलेले बोर्ड, त्यांच्या कोपऱ्यांत चिकटवलेले क्रमांक, पिनांच्या डब्या, चिकटपट्टी फाडल्याचे आवाज, कुणाची तरी “जरा डावीकडून वर घे” अशी हाक. आमचा बोर्ड शेवटच्या रांगेत होता, पाण्याच्या पिंपाच्या अलीकडे. मी गुंडाळी उलगडली आणि कालचा तो वास पुन्हा बाहेर आला, आणि त्या अनोळखी जागेत तेवढाच काय तो माझ्या ओळखीचा होता.

पोस्टरपाशी उभं राहणं हा एक वेगळाच अनुभव आहे. व्यासपीठावर बोलणाऱ्याला निदान खुर्च्या समोर असतात, खुर्च्यांत माणसं असतात, आणि त्यांना ठरलेल्या वेळेपुरतं तरी बसावं लागतं. पोस्टरपाशी कुणालाही थांबावं लागत नाही. माणसं येतात, त्यांची नजर आधी शीर्षकावर पडते, मग तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, आणि मग त्या नजरेत एक छोटासा निर्णय होतो. बहुतेक वेळा ती पुढे सरकते. तुम्ही हसायला सुरुवात केलेली असते, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहतं, त्याचं काय करावं ते कळत नाही. मग तुम्ही उगाच एक पिन काढून पुन्हा तिथेच खोचता. शेजारच्या पोस्टरपाशी गर्दी असते, तिथला मुलगा सराईतपणे बोलत असतो, त्याचं इंग्रजी न अडखळता चाललेलं असतं, आणि तुम्ही त्याचं बोलणं ऐकता ऐकता मनातल्या मनात आपली वाक्यं बदलत राहता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पिंपाच्या तोटीतून पाणी घ्यायला येणारी माणसं तेवढी आमच्याकडे बघून जात होती.

त्यातल्याच एक बाई पाण्याचा पेला हातात घेऊन थांबल्या. वयाने मोठ्या, सुती साडी, खांद्याला शबनम. त्यांनी शीर्षक वाचलं नाही, नावं वाचली नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला आणि थेट त्या ताटाएवढ्या प्लेटशी वाकल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास फ्लेक्सला लागत असावा. बराच वेळ तशाच. मग बोट पुढे केलं, पोस्टरला न लावता, केसभर अंतरावर थांबवलं.

“हे दोन ठिपके कसले गं?”

स्वच्छ गोलाच्या आत, कडेपासून जरासे आत, दोन फिकट ठिपके होते. प्लेटवर ते मोहरीच्या टोकाएवढेही नसतील. पट्टी लावून मोजताना गोलाची कड बघायची असते, आत कोण बघतं? मोठं छापलं म्हणून ते दिसले होते. मी म्हटलं, “मॅडम, वसाहती असाव्यात.”

“ज्या जागी काही वाढायला नको, त्या जागी?”

“हो.”

“मग त्या उचलून वेगळ्या प्लेटवर वाढवून बघ. त्या हवेतून पडलेल्या परक्या असतील, किंवा तुझ्याच जिवाणूतले काही असे असतील की जे अर्काला जुमानत नाहीत. तसं असेल तर,” त्या सरळ उभ्या राहिल्या, चष्मा डोळ्यांवर आला, आणि त्यांचे डोळे एकदम लहान मुलीचे झाले, “तर खरी गोष्ट गोलात नाही, त्या ठिपक्यांत आहे.”

त्यानंतर आम्ही किती वेळ बोललो ते आठवत नाही. मराठीतच बोललो. इंग्रजीतली पाठ केलेली वाक्यं कुठे गेली कळलं नाही, आणि त्यांची आठवणही आली नाही. जाताना त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे एका प्रयोगशाळेचं नाव लिहून दिलं. “उन्हाळ्यात इथे मुलं घेतात. अर्ज कर. माझं नाव सांगू नकोस, त्याची गरज नाही. हे दोन ठिपके सांग.”

बक्षीस दुसऱ्या पोस्टरला मिळालं, आणि ते त्याच्या योग्यतेचं होतं. परत येताना मला त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष सोमवारकडे लागलं होतं. सोमवारी आम्ही ते ठिपके सुईच्या टोकाने उचलले. एक परका निघाला. दुसरा मात्र अर्काच्या विहिरीला खेटून पुन्हा वाढला, आणि मग पुन्हा. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या मागे मी आजही आहे, आणि त्या वाटेचं पहिलं पाऊल कुठल्या पुस्तकात नव्हतं, पाण्याच्या पिंपाजवळ होतं.

*

पोस्टरची ही रीत फार जुनी नाही. शास्त्रज्ञ पूर्वी परिषदांत फक्त निबंध वाचत, एकामागून एक, अंधाऱ्या सभागृहात. मग निबंध वाढले, सभागृहं आणि दिवस तेवढेच राहिले. १९६९मध्ये माद्रिदला युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली तेव्हा काही जणांचं काम भिंतीवर लावायची सोय झाली. पुढे १९७४मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसच्या परिषदेतही ती आली, आणि मग सगळीकडेच पसरली. सोय जागेची म्हणून झाली असेल, पण तिच्यातून भलतंच काही हाती लागलं. वाचणाऱ्याला श्रोते मिळत होते, भिंतीशी उभं राहणाऱ्याला माणूस मिळाला. समोर, हातभर अंतरावर, ज्याच्या कपाळावरची आठी दिसते, ज्याला मध्येच थांबवून “म्हणजे?” असं विचारता येतं. अलीकडे, २०१९मध्ये, माइक मॉरिसन नावाच्या एका विद्यार्थ्याने पोस्टरचा नवा नमुना मांडला. मधोमध मोठ्या अक्षरांत साध्या भाषेत निष्कर्ष, आणि बारीक तपशील कडेला. तो नमुना जगभर गेला. मला तो आवडतो, कारण त्यामागे माणसाला थांबवण्याची धडपड आहे. तरीही मनात येतं, त्या नमुन्यात माझे दोन ठिपके मावले असते का? कोण जाणे. बहुधा त्या बाई तिथेही वाकल्या असत्या.

हल्ली मुलांना सांगतात, ओळखी वाढवा. करिअरच्या कार्यशाळांत त्याचे धडे असतात. हात कसा मिळवायचा, अर्ध्या मिनिटात आपलं काम कसं सांगायचं, परत आल्यावर कुणाला ई-मेल पाठवायचा. हे धडे चुकीचे नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्येच दाखवून दिलं होतं की माणसाला नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक वेळा कळते. जिवलगांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. नवं काही येतं ते दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून. हे अगदी खरं. माझ्या हाती पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेलं नाव आलं, ते अशाच एका माणसाकडून, जिला मी पुढे फार थोड्या वेळा भेटले. पण ती ओळख टिकली, आणि माझ्यासाठी पुढची दारं उघडत गेली, ती कशामुळे? तिने माझ्या कामाला एक खरा प्रश्न विचारला होता म्हणून. त्या दुपारी आम्हा दोघींपैकी कुणीच दुसरीकडे काही मागत नव्हतं. आम्ही दोघी मिळून तिसऱ्याच एका गोष्टीकडे बघत होतो.

जीवशास्त्राच्या इतिहासात असं मिळून बघणं पुन्हा पुन्हा येतं. २०११च्या मार्चमध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन शहरात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची एक परिषद होती. एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना तिथे पहिल्यांदा भेटल्या. एकीला जिवाणू ठाऊक, दुसरीला आरएनए. परिषदेतून बाहेर पडून त्या जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांतून बोलत बोलत चालल्या. बोलणं होतं एका प्रथिनाबद्दल, ज्याच्या साहाय्याने जिवाणू आपल्यावर चालून आलेल्या विषाणूचा डीएनए कापून टाकतात. पुढच्या वर्षी त्यांचा शोधनिबंध आला, आणि २०२०मध्ये जनुकांची काटछाट करणाऱ्या त्या कात्रीसाठी दोघींना नोबेल मिळालं. त्याआधी, १९७२मध्ये, हवाईतल्या अशाच एका परिषदेनंतर स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर रात्री उशिरा खायला बाहेर पडले, आणि जनुकं एका जिवातून दुसऱ्यात नेण्याची कल्पना त्या खाण्याच्या टेबलावर आकाराला आली. मी त्या गल्ल्या पाहिलेल्या नाहीत. पण ती चाल मला कळते. सत्र संपलेलं, पाय दुखतायत, भूक लागलीय, आणि तरी बोलणं तोडून खोलीवर जाववत नाही. आपल्याकडेही ती दिसते. पुण्यात पाषाणच्या बाजूला तर ती पावलापावलावर भेटते. तिथे एनसीएल, पलीकडे आयसर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, सगळ्या संशोधन संस्था. संध्याकाळी एखादी परिषद सुटली की चहाच्या टपरीपाशी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं उभी असतात, आणि गार होत चाललेल्या चहावर पेशींच्या मरणाची चर्चा चाललेली असते.

अशा वेळी मला कमला सोहोनींची आठवण येते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३मध्ये मुंबईहून पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तिला बाई म्हणून प्रवेश नाकारला. ती मागे हटली नाही. शेवटी घेतलं, पण वर्षभर पारखून मगच कायम करू, आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर. ते वर्ष तिने काढलं. पुढे केंब्रिजला गेली, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असल्याचं तिने दाखवलं, आणि १९३९मध्ये डॉक्टरेट घेऊन परतली. तिची हुशारी सगळे सांगतात. मला त्या अटींखालचं वर्ष दिसत राहतं. माणसांनी भरलेल्या प्रयोगशाळेत, कुणाचं लक्ष जाऊ नये अशा बेताने, आपल्या टेबलाशी काम करणारी एक मुलगी. तिच्या कामाशी कोण वाकलं असेल? तिला “हे असं का?” म्हणून कुणी विचारलं असेल? कुणीतरी विचारलं असणार. नाहीतर इतकी वाट एकटीने चालवत नाही.

दाराशी अडवण्याच्या अशा अटी आता कुणी घालत नाही. पण दार उघडं असलं तरी आत आपलं कुणी असावं लागतं. ज्या घरात संशोधक हा शब्दच कधी आला नाही, त्या घरातली मुलगी अशा सभागृहात येते तेव्हा तिला कुठे उभं राहायचं, जेवणाच्या रांगेत मोठ्या शास्त्रज्ञाच्या मागे उभं राहिलं तर बोलावं की नाही, हे सांगणारं कुणी नसतं. अमेरिकेत २००१पासून अशा मुलांसाठीच एक मोठी जीववैद्यकीय परिषद भरत आली आहे. जे समाज विज्ञानात मागे राहिले, त्यांतली पदवीची मुलं तिथे पोस्टर लावतात, आणि मोठमोठी विद्यापीठं त्यांच्याकडे चालत येतात. कुणाकडे कुणी चालत जायचं, एवढीच दिशा तिथे फिरवली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, पाण्याच्या पिंपापाशी लागलेल्या बोर्डांकडे असं कुणी ठरवून चालत गेलं तर काय होईल, याचा विचार मी फार वेळा करते.

करिअरच्या सत्रांतही खरं बोलणं व्यासपीठावर होत नाही. तिथे लस बनवणाऱ्या कंपनीतले कुणी गुणवत्ता नियंत्रणाबद्दल सांगतात, कुणी औषधांच्या चाचण्यांची कामं सांगतात, कुणी पेटंटची, कुणी रुग्णालयातल्या संसर्ग नियंत्रणाची, कुणी विज्ञान लिहिण्याची. मुलं वहीत उतरवून घेतात. मग टाळ्या होतात, आणि जिन्यापाशी कुणीतरी गाठतं. परवा अशीच एक मुलगी आली. आधी सीव्हीबद्दल विचारलं. मग नेट परीक्षेबद्दल. मी थांबून राहिले, कारण तिचा प्रश्न अजून आलेला नव्हता. मग खाली बघत म्हणाली, “मॅडम, घरी काय सांगू? बाबा म्हणतात, अजून पाच वर्षं शिकणार तर कमावणार कधी?” तिला सांगितलं की जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ते आकडे बाबांना सांग. तिने ते तळहातावर लिहून घेतले, कागद जवळ असताना. मग मी विचारलं, तुझं काम काय आहे? आणि ती सांगायला लागली. मधमाश्यांच्या पोटातल्या जिवाणूंबद्दल. दोन मिनिटांपूर्वी खाली बघणारी ती मुलगी आता हात हलवत होती, हवेत पोळं काढून दाखवत होती, आणि तिच्या मागे जिन्यावर थांबलेली माणसं बाजूने वाट काढत होती. तिला वाट अडल्याचं भानच नव्हतं. त्या क्षणी तिच्या बाबांनी तिला बघायला हवं होतं, असं फार वाटून गेलं.

२०२० आणि २०२१मध्ये हे सगळं पडद्यावर आलं होतं. आजार जगभर पसरला होता, आणि पोस्टर संगणकाच्या चौकोनात लागत होती. सोय किती! दूरचं माणूस घरबसल्या येऊ शकत होतं, कुणाला तिकीट काढावं लागत नव्हतं, रजा लागत नव्हती. त्यातून काही मुलांना जग दिसलं हे मी विसरत नाही. पण पाणी प्यायला आलेलं कुणी वाटेत थांबत नव्हतं. यायचं तर नाव शोधून, दुवा उघडूनच यावं लागे. आता पोस्टर पुन्हा बोर्डांवर आली आहेत. काही कापडावर छापलेली, घडी घालून पिशवीत येणारी. त्यांना शाईचा वास जवळजवळ नसतोच, आणि एसटीत ती उभी धरून बसावी लागत नाहीत. बरंच झालं. मला तो वास हवा असेल तर मी बाजारातून जाईन. त्यांच्या वाट्याला त्यांचा काही वेगळा वास येवो.

मला आता अशा मेळाव्यांना परीक्षक म्हणून, कधी नुसती पाहुणी म्हणून बोलावतात. मी आत गेले की पुढच्या रांगा ओलांडते आणि सगळ्यांत मागच्या रांगेपासून सुरुवात करते, तिथल्या पोस्टरपाशी माणूस कमी असतं म्हणून. तुम्हालाही हेच सांगायचं आहे. तुम्ही शास्त्रज्ञ असायची अजिबात गरज नाही. तुमच्या गावच्या कॉलेजात, तुमच्या शहरातल्या विद्यापीठात असं प्रदर्शन भरलं, आणि लोकांना जाऊ देत असतील, तर तासभर काढून जा. भिंतीवरचं सगळं कळलं नाही तरी बिघडत नाही. शेवटच्या रांगेत एखादं पोर उगाच पिन काढून पुन्हा खोचत असेल, त्याच्या पोस्टरकडे नीट बघा, डोळ्यांना जे खटकेल त्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे असं का झालं? आणि उत्तर सुरू झालं की ते संपेपर्यंत तिथेच उभे राहा.